पाऊस उघडल्यावरचा उकाडा

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा लोक भर दुपारी शेतात जाणे टाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये तो ३२-३३ अंशांवर येतो. तरीही पाऊस उघडताच कपाशीत निंदणी करणाऱ्या बायकांचा जीव कासावीस होतो.

घाम नुसता येऊन शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. दमट हवेत तो निथळतो; पाणी आणि मीठ जाते, गारवा मिळत नाही. अंगावरचा प्लास्टिकचा कागद वाराही अडवतो. मग थकवा, डोकेदुखी, चिडचिड सुरू होते. तिला आळस समजू नये.

शेतात आडोसा नसल्याने अनेक जणी पाणीच कमी पितात. त्यातून लघवीची जळजळ आणि संसर्गही होतो. आडोशाची सोय शेतमालकाने करावी.

पाऊस थांबताच कागद काढावा. दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी प्यावे, न्याहारीला मीठ घातलेले ताक घ्यावे. कोणी असंबद्ध बोलू लागल्यास सावलीत निजवावे, अंग ओले करून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.