आधी उगवण पाहा, मग पेरा

पेरणीआधी जाणता शेतकरी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. काही दिवसांत ७० किंवा अधिक दाण्यांना कोंब आले, की बियाणं पेरण्याजोगं. पोत्याचं वजन त्याला ठाऊक असतंच, पण त्यातलं उगवणार किती, ते वजन सांगत नाही. डीएनए वाचणाऱ्या प्रयोगशाळेतही हीच परीक्षा घ्यावी लागते.

यंत्रात घालण्याआधी डीएनएचे काहीशे अक्षरांचे तुकडे करतात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना अडॅप्टर नावाचे डीएनएचे आखूड तुकडे जोडतात. अशा तुकड्यांच्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. इल्युमिनाच्या यंत्रात हे तुकडे फ्लो सेल नावाच्या काचेवर अडॅप्टरच्या आधारे रुजतात, जागच्या जागी त्यांच्या प्रतींचे पुंजके होतात आणि त्यांचा प्रकाश कॅमेरा टिपतो. पेरणी दाट झाली, तर पुंजके एकमेकांत मिसळून अक्षरं ओळखू येत नाहीत. विरळ झाली, तर महागडी काच वाया जाते.

म्हणून लायब्ररी आधी मोजावी लागते. डीएनए अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून मोजला, तर आरएनए आणि सुटे न्यूक्लिओटाइडही हिशेबात शिरतात. दुहेरी धाग्याला चिकटून चमकणारा रंग वापरणारं क्यूबिट हे उपकरण त्याहून भरवशाचं. पण तेही वजनच सांगतं. संख्या काढायला तुकड्यांची लांबी हवी. एका मायक्रोलिटरमध्ये २ नॅनोग्रॅम डीएनए आणि सरासरी लांबी अक्षरांच्या ४०० जोड्या असेल, तर लायब्ररी ७.६ नॅनोमोलरची. लांबी चुकून ३०० धरली, तर तोच आकडा १०.१ होतो.

एकाच टोकाला अडॅप्टर लागलेले तुकडे मात्र वजनात लपतात. उगवणीची खरी चाचणी म्हणजे डीएनएच्या प्रती फेरीफेरीने वाढवत मोजणारी क्यूपीसीआर. तिच्यात दोन्ही टोकं शाबूत असलेला तुकडाच दर फेरीला दुप्पट होतो. १० पट पातळ नमुना सुमारे ३.३ फेऱ्या उशिरा दिसतो. त्यावरून ज्ञात द्रावणांशी ताडून संख्या मिळते. त्यासाठी लायब्ररी हजारो पट पातळ करावी लागते. पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंबही इथे हिशेब बिघडवतो, म्हणून प्रत्येक नमुना तीनदा लावतात.

इथेही एक तण उरतं: मध्ये डीएनए नसताना एकमेकांना जुळलेले अडॅप्टर. तेही क्यूपीसीआरमध्ये वाढतात आणि आखूड असल्यामुळे काचेवर लवकर जागा बळकावतात. लांबीच्या आलेखात १२०-१३० जोड्यांपाशी उंचवटा दिसला, तर आधी लायब्ररी साफ करावी.

डीएनए वाचण्यासाठी रुग्णाच्या गाठीचा तुकडा पुन्हा पुन्हा मिळत नाही. त्यातून केलेली लायब्ररी यंत्रात घालण्याआधी लांबी पाहा, संख्या मोजा आणि मगच पेरा.