घाटात इंजिन बंद करावे का?

आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे येताना जुन्या मोटारीचे इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे महाभाग भेटतात. विद्यार्थी मित्रांनो, हिशेब करून पाहू.

मोटारीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम आणि उतार ५०० मीटर उंचीचा धरा. वस्तुमान, गुरुत्व त्वरण व उंची यांच्या गुणाकाराने स्थितिज ऊर्जा मिळते : ४९ लाख जूल. एवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअसचे सुमारे १६ लिटर पाणी उकळू लागेल! गिअर काढून उतरल्यास यातला मोठा वाटा ब्रेकवर पडतो. ब्रेकमधले तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला टेकते, पण गाडी थांबत नाही. शिवाय किल्ली काढली तर कित्येक गाड्यांचे स्टिअरिंग अडकते. आणि एवढे करून वाचते किती? वीस मिनिटांत फार तर पाव लिटर. म्हणून घाट चढताना लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे. थोडा भार इंजिन अडवते.

बचत खरी सपाट रस्त्यावर. ताशी ६० किलोमीटर वेगाची हीच मोटार ब्रेकने थांबवली, की १ लाख ३९ हजार जूल उष्णता होऊन जातात. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरल्यास हे सुमारे १७ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे पेट्रोल. पुढे एस.टी. थांबलेली दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर त्यातले बरेचसे वाचते.