टीएमटी 'निगेटिव्ह' म्हणजे नक्की काय?

बडनेऱ्याहून अमरावतीला जाऊन टीएमटी करून आलेला मधुमेही पेशंट सांगतो, "निगेटिव्ह आली." तुम्ही रिपोर्टमध्ये आधी बघा, नाडी किती चढली? 220 वजा वय, त्याच्या निदान 85 टक्के हवी. साठीच्या माणसाला 136. जुन्या मधुमेहात हृदयाकडच्या नसा बिघडतात. नाडी हवी तशी चढत नाही, रक्त कमी पडलं तरी छातीत दुखेलच असं नाही. (बीटा-ब्लॉकर चालू आहे का, तेही विचारा.) 110 वर थांबलेली टेस्ट निगेटिव्ह नव्हे, अनिर्णित.

मग सगळ्याच मधुमेहींची तपासणी करायची? 2009 च्या 'डायड' अभ्यासात लक्षणं नसलेले 1,123 मधुमेही होते. निम्म्यांचं औषधाने ताण देऊन हृदयाचं स्कॅन केलं. पाचेक वर्षांत हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने मृत्यू: 2.7 विरुद्ध 3.0 टक्के. फरक नगण्य. लक्षणं असलेल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांचा डेटा भरताना 'अनिर्णित'चा कॉलम वेगळा ठेवा.