प्राचीन युद्धेतिहासाचा आस्वाद : दूरचित्रवाणी, ग्रंथ आणि परिसरातील साधने

प्रस्तावना

प्राचीन काळातील युद्धे हा सामान्य वाचकाच्या व प्रेक्षकाच्या आवडीचा विषय आहे. महसूलपद्धती किंवा भूदाने यांचे विवेचन चालू असताना वर्गात न दिसणारी उत्सुकता लढाईचा उल्लेख होताच जागी होते, हा इतिहासाच्या प्राध्यापकांचा नेहमीचा अनुभव आहे. ही आवड घडविण्यात दूरचित्रवाणीचा वाटा मोठा आहे. तिला उथळ समजून बाजूला सारणे योग्य नाही. मात्र ‘हे आपणांस कशावरून कळते?’ हा प्रश्न तिच्याशी जोडला गेला तरच आस्वाद परिपूर्ण होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दूरचित्रवाणीचे योगदान व मर्यादा

दूरदर्शनवरील ‘महाभारत’ (१९८८-९०), श्याम बेनेगल यांची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ (१९८८) आणि चंद्रप्रकाश द्विवेदी यांची ‘चाणक्य’ (१९९१) या मालिकांनी प्राचीन भारत घराघरांत पोहोचविला. व्यूह, रथ, गजदल हे शब्द ज्यांनी कधी पुस्तकात वाचले नव्हते, त्यांच्याही डोळ्यांसमोर त्यांची चित्रे उभी राहिली. हे ऋण मान्य केले पाहिजे.

तथापि दृश्यमाध्यमाच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे, मालिकेतील युद्ध बहुधा दोन नायकांचे द्वंद्व असते. सैन्याचे अन्न, पाणी, चारा आणि वाट यांना तेथे स्थान नसते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. जे निश्चित ठाऊक आहे आणि जे कल्पिलेले आहे, ते पडद्यावर सारख्याच ठामपणे दिसते. २०१७-१८ मध्ये प्रसारित झालेल्या ‘पोरस’ मालिकेचे उदाहरण घेता येईल. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी झालेल्या या युद्धाची आज उपलब्ध असलेली वर्णने ग्रीक व रोमन लेखकांची आहेत. त्यांपैकी एरियन हा इ.स.च्या दुसऱ्या शतकातील, म्हणजे घटनेनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहिणारा लेखक होय. पोरसाच्या बाजूने लिहिलेला एकही वृत्तान्त उपलब्ध नाही. मालिकेला त्याच्या मुखी संवाद घालावेच लागतात. ते कलास्वातंत्र्य क्षम्य आहे. परंतु ते इतिहासाचे साधन नव्हे.

ग्रंथांतून दिसणारे सैन्य

पडद्यावर न दिसणारे सैन्य कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात भेटते. मार्गातील गावे व अरण्ये यांत गवत, सरपण व पाणी किती मिळेल याची नोंद करूनच कूच करावे आणि अन्नसामग्री गरजेच्या दुप्पट न्यावी, असे तेथे सांगितले आहे. एका दिवसात एक योजन चाल ही कनिष्ठ, दीड योजन मध्यम व दोन योजने उत्तम मानली आहे. शस्त्रे, औषधे व पट्ट्या घेतलेले चिकित्सक सैन्याच्या पिछाडीस असावेत, असाही निर्देश आहे. हे शास्त्रग्रंथातील विधान आहे, प्रत्यक्ष मोहिमेचा अहवाल नव्हे, हे भान ठेवूनही युद्ध म्हणजे मुख्यतः व्यवस्था होय, हे त्यातून स्पष्ट होते. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची त्रिखंडात्मक आवृत्ती या दृष्टीने अवश्य पाहावी.

जोगळटेंभीची नाणी

मराठवाड्याशी निगडित असलेले प्राचीन काळातील मोठे युद्ध म्हणजे प्रतिष्ठानच्या सातवाहनांनी क्षहरात क्षत्रपांशी दिलेला लढा होय. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, हे आपण निःशंकपणे शिकवितो. परंतु रणभूमी, दिवस व सैन्यसंख्या सांगणारे समकालीन वर्णन उपलब्ध नाही. मग हा विजय कळला कसा?

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या सुमारे १३ हजार चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. जुन्या राजाच्या मुखवट्यावर नव्या राजाचे चैत्यचिन्ह उमटले, यातच सत्तांतराची कथा आली. नाशिकच्या पांडवलेणीतील क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमीपुत्राच्या १८ व्या राज्यवर्षाचा लेख आहे. विजयी सेनेच्या छावणीतून निघालेली ही आज्ञा पूर्वी ऋषभदत्ताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना देण्याविषयीची आहे. ऋषभदत्त हा नहपानाचा जावई. जेत्याची तातडीची कामे कोणती होती, हे या लेखावरून कळते : नाणे आपले करणे, जमिनीचा हक्क ठरविणे आणि धर्मसंस्थेला आश्वस्त करणे. वा. वि. मिराशी यांच्या सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांवरील मराठी ग्रंथात हे कोरीव लेख अभ्यासता येतात.

कंधार, तक्कोलम आणि वीरगळ

नांदेड जिल्ह्यातील कंधारचा किल्ला राष्ट्रकूट काळाशी, विशेषतः तिसऱ्या कृष्णाशी जोडला जातो. या राजाने तमिळ प्रदेशातील तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. त्यात चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. या युद्धाचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे कर्नाटकातील आतकूर येथील इ.स. ९४९-५० चा कन्नड शिलालेख. त्यात राजादित्याला मारणाऱ्या गंग राजा बूतुगाचा उल्लेख आहे. पण दगड उभारला गेला तो रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या शिकारी श्वानाच्या स्मरणार्थ. साम्राज्यांच्या संघर्षाची नोंद एका श्वानाच्या स्मारकावर टिकून राहावी, असे कथानक कोणत्याही पटकथाकारास सुचले नसते.

अशा स्मारकांची परंपरा आपल्या परिसरातही आहे. मराठवाड्यात अनेक गावी वेशीजवळ वा मंदिराच्या आवारात वीरगळ आढळतात. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असल्यास तो वीर गोधन राखताना पडला, असे समजतात. ज्या सामान्य माणसाचे नाव राजप्रशस्तीत येत नाही, त्याचा युद्धेतिहास या शिळांवर आहे. शेंदराच्या थरांखाली त्या दिसेनाशा होतात, काही बांधकामात जातात. त्यांची नोंद झाली नाही तर हे साधन कायमचे नष्ट होईल.

समारोप

देगलूरसारख्या मराठी, कन्नड व तेलुगू यांच्या संगमावरील गावातील महाविद्यालयांना या कामी विशेष अनुकूलता आहे. तालुक्यातच होट्टल येथे कल्याणी चालुक्यकालीन मंदिरे आहेत. जिल्ह्यातील कोरीव लेखांचा रित्ती व शेळके यांनी सिद्ध केलेला संग्रह १९६८ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. मालिकेतील एखादा प्रसंग वर्गात दाखवावा, त्याचे मूळ साधन वाचून घ्यावे आणि नंतर विद्यार्थ्यांस आपल्या गावच्या वीरगळाचे मोजमाप, छायाचित्र व वर्णन आणावयास सांगावे, असा तीन पायऱ्यांचा उपक्रम कोणत्याही खर्चाविना राबविता येईल. त्यामुळे करमणुकीचा आनंद कमी होत नाही. उलट ‘आमच्याकडे इतिहास नाही’ हा ग्रामीण विद्यार्थ्याचा समज दूर होतो आणि प्रेक्षकाचा साक्षेपी वाचक होण्यास आरंभ होतो.