थंडी, जुनी गाडी आणि घरचं गॅरेज : समज किती खरे?

दिवाळी सरली की मालेगावात दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे मोसम पुलावर हात गारठतात. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. घरच्या शेडमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरची मारुती 800 हौसेनं उभी करणाऱ्यांची परीक्षा याच दिवसांत होते. ‘इथं कुठं बर्फ पडतो, गाडीला थंडी काय करणार?’ असं सर्रास म्हटलं जातं. बर्फ पडत नाही, हे खरं. पण आपल्याकडच्या जुन्या गाड्या थंडीत अडतात त्या बहुतेक वेळा उन्हाळ्यात केलेल्या उपायांमुळे.

त्यातला सगळ्यात घातक उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘वॉल काढला की गाडी तापत नाही’ ही समजूत मिस्त्र्यांपासून मालकांपर्यंत घट्ट बसली आहे. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत 82 अंशांच्या आसपास उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. तो नसला की थंडीत इंजिन मैलोन्‌मैल कोमटच राहतं. चोक लवकर बंद करता येत नाही, पेट्रोल जास्त जळतं, न जळालेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते आणि त्याचा चिखल होतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात फिरतो, म्हणजे ज्या तापण्याची भीती होती तेच घडतं. गाडी तापत असेल तर दोष चोंदलेल्या रेडिएटरमध्ये, पंख्यात किंवा वॉटर पंपात शोधायला हवा.

कूलंट बर्फाच्या मुलखासाठी असतं, हाही असाच समज. गोठण्यापासून वाचवणं हे त्याच्या कामांपैकी फक्त एक. ते गंज रोखतं आणि उकळबिंदूही वाढवतं. बोअरचं जड पाणी घातलं तर आत क्षारांचा थर बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून एकदा भरलं, की मालेगावच्या मे महिन्यातही त्याचा उपयोग होतो.

ऑइलबाबत मात्र उलटा घोळ दिसतो. थंडी म्हणून महागडं, पातळ सिंथेटिक ऑइल घालायची गरज नाही. 20डब्ल्यू-50 ऑइलची थंडीतली चाचणी उणे 15 अंशांना होते. आपले 8-10 अंश त्याला सहज झेपतात. झिजलेल्या इंजिनात फार पातळ ऑइल घातलं तर जुन्या सीलमधून ते गळू लागतं.

बॅटरी थंडीनं मरते असं वाटतं. खरं तर तिला एप्रिल-मेचा उन्हाळा झिजवतो आणि थंडीची पहाट ते फक्त उघड करते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्ट दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे. 12.2 म्हणजे जवळपास अर्धी. सिमेंटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते, ही जुन्या पेट्यांच्या काळातली गोष्ट. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीचा त्रास होत नाही.

चांदवडजवळच्या राहुड घाटात पहाटे धुकं असलं, की 100 वॉटचे बल्ब लावायचा मोह होतो. त्यानं जुने होल्डर वितळतात आणि हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट बारीक वायरींतून आणि स्विचमधून जातो. बल्बपाशी व्होल्टेज 10 टक्के कमी पोचलं तर उजेड साधारण 30 टक्के घटतो. रिले आणि जाड वायर बसवली तर मूळचेच दिवे लख्ख लागतात. घरच्या घरी करण्याजोगी याहून चांगली सुधारणा मला माहीत नाही.

पकड वाढावी म्हणून थंडीत टायरची हवा कमी करू नका. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण 1 पीएसआय आपोआप घटतो. दुपारी मोजलेली हवा पहाटे कमी भरते, म्हणून ती टायर थंड असतानाच मोजावी.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. सकाळी गाडी दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवून ‘गरम करायची’ पद्धत आहे, तीही अनेकदा गारठा नको म्हणून शटर खाली ओढून. चोक ओढलेला असताना पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते, त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइड खूप असतो. यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही नसतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग पाय लटपटायला लागतात आणि एखादी खिडकी उघडी असणं पुरेसं नाही. इंजिनला अर्धं-एक मिनिट पुरतं, पुढचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवलं की झालं. म्हणून आधी शटर पूर्ण वर करा, गाडी ढकलून बाहेर काढा आणि मगच चावी फिरवा.