पोकलेनचे दीर्घायुष्य : जुनी आणि नवी खोदयंत्रे

भिलाईच्या पोलाद कारखान्याचे नाव निघाले की धगधगत्या झोतभट्ट्या, तांबडा लोहरस आणि लांबच लांब रूळ यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु झोतभट्टीत पडणारा प्रत्येक दगड आधी कोणीतरी डोंगरातून खणून काढलेला असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. भिलाईच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर दल्ली-राजहरा येथे लोहखनिजाच्या टेकड्या आहेत. उत्तरेस नंदिनी येथे चुनखडीची खाण आहे. पोलादाची खरी सुरुवात भट्टीपाशी नव्हे, तर या खाणींत, खोदणाऱ्याच्या हातात होते.

या टेकड्यांची भूशास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रमथनाथ बोस यांनी केली होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा यांनी नागपूरच्या संग्रहालयातील नकाशात दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची खूण पाहिली आणि ते या टेकड्यांपर्यंत जाऊन आले. टाटांचा कारखाना अखेर अन्यत्र, साकची येथे उभा राहिला. दल्ली-राजहराच्या खनिजाला मात्र आणखी अर्धे शतक वाट पाहावी लागली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या परिसरात कुदळ, पहार आणि घमेले यांच्या जोडीने यंत्रेही खोदू लागली.

या यंत्रांच्या कितीतरी पिढ्या आल्या आणि गेल्या. काही भंगारात गेली. काही, वय उलटून गेले तरी, एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या निगराणीखाली अजून चालतात. जुने खोदयंत्र चालते ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, आणि नव्या यंत्राशी त्याची तुलना कशी करावी, हा प्रश्न केवळ यंत्रप्रेमींचा नाही. ज्याच्या घरचा संसार एका यंत्रावर चालतो, त्याच्या दृष्टीने तो पोटाचा प्रश्न आहे.

दोराकडून तेलाकडे

यंत्राने माती खणण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील विल्यम ओटिस याने वाफेवर चालणाऱ्या फावड्याचे एकस्व १८३९ मध्ये मिळवले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे वाफ, डिझेल किंवा वीज यांच्या बळावर फिरणारी पिंपे आणि त्यांवर गुंडाळले जाणारे पोलादी दोर, हीच खोदयंत्राची रचना होती. भिलाईच्या खाणींतही विजेवर चालणारी अशी दोर-फावडी वापरली गेली. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनने सोव्हिएत आराखड्यांवरून असली फावडी आपल्या देशात घडवली. ही यंत्रे अवजड, मंद, पण विलक्षण टिकाऊ असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात दोराची जागा तेलाने घेतली. पॅरिसच्या ईशान्येस जॉर्ज बाताय यांनी १९२७ मध्ये शेतीच्या सामानाचा कारखाना काढला होता; एका शेतवाडीवरून त्याला ‘पोकलेन’ हे नाव मिळाले. या कारखान्याने १९५१ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे आपले पहिले खोदयंत्र तयार केले. १९५४ मध्ये जर्मनीतील डेमाग कंपनीने सर्व हालचाली तेलाच्या दाबावर करणारे आणि स्वतःभोवती पूर्ण फिरणारे यंत्र आणले, तर १९६१ मध्ये पोकलेनचे टीवाय ४५ हे प्रसिद्ध यंत्र आले.

भारतात लार्सन अँड टुब्रो या मुंबईच्या कंपनीने १९७० च्या दशकात फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने ही यंत्रे बनवण्यास आरंभ केला. लोकांनी त्यांना कंपनीचेच नाव देऊन टाकले. आज महाराष्ट्रातील खेड्यातही मोठ्या खोदयंत्रास, ते कोणत्याही कंपनीचे असो, ‘पोकलेन’ असेच म्हणतात. आणि पुढे लोडर व मागे खोदणारा हात असलेल्या चाकांच्या यंत्रास ‘जेसीबी’. मौज अशी की १९७७ मध्ये अमेरिकेच्या केस कंपनीने पोकलेनमध्ये भागीदारी घेतली, आणि पुढे खोदयंत्रांवरून हे नाव हळूहळू नाहीसे झाले. त्या नावाची कंपनी आता तेलदाबाच्या मोटरी आणि पंप बनवते. नाव भाषेत उरले, पण त्या नावाच्या जुन्या यंत्राचा सुटा भाग मूळ कारखान्याकडून मिळण्याची वाट जवळजवळ बंद झाली. जुन्या यंत्राच्या मालकाची अडचण येथून सुरू होते.

दोन पिचकाऱ्यांचा प्रयोग

यंत्राची निगा समजण्यासाठी त्याचे तत्त्व आधी समजले पाहिजे. ते शाळेत सहज दाखवता येते. इंजेक्शनच्या दोन सुयाविरहित पिचकाऱ्या घ्याव्यात, एक बारीक आणि एक जाड. दोन्ही पाण्याने भरून बारीक रबरी नळीने जोडाव्यात. बारीक पिचकारीचा दट्ट्या दाबला की जाड पिचकारीचा दट्ट्या थोडासाच, पण अधिक जोराने वर येतो. जाड पिचकारीचा आतील व्यास दुप्पट असेल तर तिच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ चौपट, म्हणून बळही चौपट. अंतर मात्र एक-चतुर्थांश. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला नियम तो हाच.

आता नळीत मुद्दाम हवेचा एक बुडबुडा राहू द्यावा. बारीक दट्ट्या दाबला तरी जाड दट्ट्या लगेच हलत नाही. हवा आधी दबते आणि हालचाल लिबलिबीत होते. मग नळीचा सांधा किंचित सैल करावा. पाणी ठिबकू लागते आणि बळ नाहीसे होते. जुन्या पोकलेनच्या निम्म्या तक्रारी या दोन खेळांत सामावलेल्या आहेत.

यंत्रात पाण्याऐवजी तेल असते आणि दाब प्रचंड असतो. १२ सेंटिमीटर आतील व्यासाच्या सिलिंडरमधील दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरवर १५० किलोग्रॅम दाब असेल तर तो दट्ट्या सुमारे १७ टनांचा जोर लावतो. आजच्या यंत्रांत हा दाब ३५० पर्यंत जातो. तेव्हा तोच दट्ट्या सुमारे ४० टनांचा जोर लावील. नियम तोच, बदलला तो दाब, आणि दाबाबरोबर चुकीची किंमत.

निगा म्हणजे स्वच्छता

तेलदाबाच्या यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू झीज नव्हे, तर धूळ होय. झीज हा पुष्कळदा तिचाच परिणाम असतो. पंप आणि झडपा यांतील सरकत्या भागांमधील फट काही मायक्रॉनांची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांची असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे जो कण डोळ्यांस दिसतही नाही, तोच पंपाला ओरखडे पाडण्यास पुरेसा असतो. दल्ली-राजहराच्या तांबड्या खनिजाची धूळ कठीण असते. अशा ठिकाणी उघड्या डब्यातून, मळक्या नरसाळ्याने तेल ओतणारा मनुष्य यंत्राच्या आयुष्याची वर्षेच कमी करीत असतो.

म्हणून जाणता मिस्त्री टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची जागा पुसतो, ठरलेल्या तासांनी गाळणी बदलतो आणि काढलेली गाळणी फेकून न देता कापून पाहतो. तिच्यात पिवळे कण आढळले तर कोठे तरी पितळी किंवा काशाचा भाग झिजत आहे. काळे रबरी तुकडे दिसले तर एखादे सील जात आहे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. फेसाळ दिसले तर पंपाच्या खेचणाऱ्या बाजूने हवा आत येत आहे. जुने यंत्र बोलत नाही असे नाही. त्याची भाषा समजावी लागते.

सिलिंडर आतून गळतो की नाही, हे पाहण्याचीही साधी रीत आहे. मोकळ्या, सपाट जागी बूम उचलून इंजिन बंद करावे, दांड्यावर खडूने खूण करावी आणि काही वेळाने दांडा किती सरकला ते दुरूनच पाहावे. उचललेल्या भुजेखाली कोणीही उभे राहता कामा नये. गळती शोधण्यासाठी उघडा हात तर कधीच फिरवू नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम क्षुल्लक दिसते, पण त्वरित शस्त्रक्रिया न झाल्यास हात गमावण्याची पाळी येते. गळतीचा शोध दाब उतरवून, किंवा दुरून पुठ्ठा धरून घ्यावयाचा असतो.

उन्हाळा हा दुसरा शत्रू. छत्तीसगडच्या मैदानात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेले तेल पातळ होते, पातळ तेल फटींतून अधिक निसटते, निसटताना पुन्हा तापते, आणि दुपारनंतर यंत्राचा जोर ओसरतो. अनेक जुन्या यंत्रांतील पंप गरज असो वा नसो, प्रत्येक फेऱ्यास सारखेच तेल फेकतो. दाबाची मर्यादा गाठली की नको असलेले तेल सुरक्षा-झडपेतून टाकीत परतते आणि त्याची शक्ती उष्णता बनून वाया जाते. यास्तव तेल थंड करणाऱ्या जाळीतील धूळ रोज झटकणे, ही क्षुल्लक वाटणारी गोष्टच यंत्राला दिवसभर टिकवते.

राहिला प्रश्न सुट्या भागांचा. पिन आणि बुश चांगल्या लेथवर तयार होतात. खड्डे पडलेला दांडा घासून त्यावर पुन्हा क्रोमचा मुलामा देता येतो. होज मापानुसार दाबून मिळतो, सीलही खाचेचे माप घेऊन बनवता येते, आणि बकेटचे झिजलेले दात बदलता येतात. पंपाचे दट्टे मात्र साध्या लेथवर होत नाहीत, कारण तेथे मायक्रॉनांचा हिशेब असतो. त्यामुळे पंप गेला की पुष्कळ जुनी यंत्रे उभी राहतात ती कायमची. शहाणा मालक सर्वांत अधिक काळजी पंपाची घेतो; आणि पंपाची काळजी म्हणजे तेलाची काळजी.

नव्या यंत्रात काय बदलले

नवे यंत्र दुरून जुन्यासारखेच दिसते. फरक आत आहे. त्याचा पंप कामाच्या मानाने तेल कमी-अधिक देतो. दाब, तापमान आणि इंजिनाचे फेरे यांची नोंद संवेदक घेतात, संगणक त्यांचा मेळ घालतो. परिणामी तेवढ्याच मातीसाठी डिझेल कमी लागते, हालचाली हळुवार होतात आणि चालकाला धूळ, उष्णता व आवाज यांपासून बंदिस्त कक्षात आश्रय मिळतो. जुन्या यंत्राच्या उघड्या बैठकीत आठ तास बसलेल्या माणसाच्या कानांचा आणि कण्याचा विचार केला तर हा लाभ डिझेलच्या बचतीहून लहान नाही.

परंतु या लाभाला किंमत आहे. पुष्कळ नव्या इंजिनांत डिझेल दीड हजार वातावरणांहून अधिक दाबाने फवारले जाते. त्याला गढूळ डिझेल क्षणभरही सोसत नाही. पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो. त्याचा अर्थ लावण्यास पुष्कळदा कंपनीचे उपकरण लागते. जुन्या यंत्राचे ज्ञान मिस्त्रीच्या कानांत आणि बोटांत होते. नव्या यंत्राचे ज्ञान बरेचसे एका बंद पेटीत गेले आहे. ती पेटी उघडण्याची मुभा आणि शिक्षण ज्याच्याकडे नाही, तो मालक असूनही परावलंबी ठरतो.

कोणते ठेवावे ?

याचे उत्तर कामाच्या तासांत आहे. समजा, नवे यंत्र दर तासाला तीन लिटर डिझेल वाचवते. जे यंत्र वर्षाला २,००० तास चालते, तेथे ही बचत ६,००० लिटर होते. तेथे जुने यंत्र ठेवणे हा तोट्याचा सौदा ठरू शकतो. पण जे यंत्र पावसाळ्यापूर्वी गावचे तलाव खोल करण्यास आणि एरवी चार पाये खणण्यास मिळून ३०० तास चालते, तेथे बचत ९०० लिटरचीच. तेवढ्यासाठी मोठ्या कर्जाचे हप्ते डोक्यावर घेणे शहाणपणाचे नाही. मात्र ज्याचे ब्रेक, होज किंवा भुजेचे सांधे भरवशाचे नाहीत, असे यंत्र कितीही स्वस्त पडो, ते चालवू नये.

यंत्राची निवड हा निव्वळ अभियांत्रिकीचा प्रश्न नसतो, ही गोष्ट दल्ली-राजहराने पूर्वीच अनुभवली आहे. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या खाण-कामगारांच्या संघाने दल्लीच्या खाणीसाठी संपूर्ण यांत्रिकीकरणाऐवजी अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला होता. यंत्राने काय करावे आणि माणसाच्या हाती काय ठेवावे, हा त्या वादाचा गाभा होता. जुन्या आणि नव्या पोकलेनच्या तुलनेतही तोच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो.

जुने यंत्र चालते ठेवणारा मिस्त्री केवळ लोखंड वाचवीत नाही; कारणावरून परिणाम आणि परिणामावरून कारण ओळखण्याची विद्या तो जिवंत ठेवतो. तीच विद्या नव्या यंत्रालाही लागते, कारण संवेदक दाब कमी झाल्याचे सांगतो, पण टाकीच्या तोंडाशी धूळ कोणी पडू दिली हे सांगत नाही. पास्कलचा नियम दोन्ही यंत्रांत एकच आहे, आणि स्वच्छ तेलाची गरजही. ज्या तरुणाने खडूची खूण आणि कापलेली गाळणी वाचण्यास शिकून घेतले, त्याला पडद्यावरील क्रमांक वाचणे अवघड जाणार नाही.