कुत्र्याचे औषध मांजरासाठी विकताना

पिसवा व गोचिडांवरचे, मानेवर टाकायचे थेंब डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळतात. गिऱ्हाईक मांजरासाठी मागते, मांजराची नळी शिल्लक नसते, मग काही दुकानदार कुत्र्याची नळी देऊन सांगतात, "अर्धीच टाका." घात इथेच होतो.

कुत्र्यांच्या अनेक थेंबांत परमेथ्रिन असते, काहींत ४५ टक्के किंवा अधिक. कुत्र्याचे यकृत ते पचवून बाहेर टाकते. मांजराच्या यकृताची ही ताकद फारच कमी, म्हणून विष अंगात साठते व मज्जातंतूंवर चढते. काही तासांत कान फडफडतात, अंग थरथरते, लाळ गळते, झटके येतात. मांजर दगावूही शकते. थेंब टाकले गेलेच, तर भांड्यांचा सौम्य साबण व कोमट पाण्याने धुऊन, पुसून, उबेत ठेवून तडक पशुवैद्यकाकडे न्यावे. झटके सुरू असतील तर धुण्यात वेळ घालवू नये.

कुत्र्यांनाही त्रास होतोच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे २००८ साली अशा थेंबांच्या ४४ हजारांवर तक्रारी आल्या. बहुतेक किरकोळ होत्या, पण काही मृत्यूच्याही. लहान चणीच्या कुत्र्यांना त्रास अधिक दिसला.

मोठी नळी वाटून सुटी विकू नये. वेष्टनाबरोबर वजन, वय व जनावराचे नावही जाते. मालाचा ऐब लपवू नये हे आपण जाणतो, हेही त्यातलेच. दोन्ही औषधे निराळ्या फळीवर ठेवावीत. घरात दोन्ही जनावरे असतील, तर कुत्र्यावरचे थेंब सुकेपर्यंत मांजर दूर ठेवण्यास गिऱ्हाइकाला सांगावे.